परवान्यांची नोंदवही: एका कारखान्यातील सॉफ्टवेअर खर्चाचा हिशेब

भोसरी औद्योगिक वसाहतीतील ज्या कारखान्यात मी लेखा व परिव्यय विभाग सांभाळते, तेथे वाहनांचे सुटे भाग तयार होतात. पोलादाचा प्रत्येक किलो, कटिंग टूलची प्रत्येक धार आणि विजेचे प्रत्येक युनिट यांचा हिशेब आमच्याकडे वर्षानुवर्षे काटेकोरपणे लागत आला आहे. सॉफ्टवेअरचा हिशेब मात्र लागत नव्हता, कारण हा खर्च खतावणीत एका जागी कधी दिसतच नसे. कायमस्वरूपी परवाना घेतला की तो स्थिर मालमत्तेत जाई. वार्षिक नूतनीकरण ‘संगणक दुरुस्ती व देखभाल’ या खात्यात, डिझाइन विभागाचे सॉफ्टवेअर टूल रूमच्या खर्चात आणि ईमेलची वर्गणी ‘टपाल व दूरध्वनी’ या जुन्या खात्यात नोंदली जाई. एखाद्या अभियंत्याने स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घेतलेली ऑनलाइन सेवा तर त्याच्या प्रवासखर्चाच्या बिलात हॉटेल आणि टोलच्या पावत्यांच्या सोबतीने मंजूर होऊन जाई. प्रत्येक रक्कम वेगळी पाहिली तर लहान वाटे, आणि म्हणून संचालक मंडळापर्यंत ती कधी पोहोचत नसे.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात दोन गोष्टी एकाच वेळी समोर आल्या. वैधानिक लेखापरीक्षकांना लेखापरीक्षण अहवालाविषयीच्या ‘कॅरो २०२०’ या सरकारी आदेशानुसार आपल्या अहवालात असे सांगावे लागते, की कंपनीने अमूर्त मालमत्तेची (म्हणजे सॉफ्टवेअरसारख्या, हातात धरता न येणाऱ्या मालमत्तेची) संपूर्ण तपशिलासह योग्य नोंद ठेवली आहे किंवा नाही. यंत्रांची नोंदवही आमच्याकडे उत्तम होती; सॉफ्टवेअरच्या बाबतीत फक्त ताळेबंदातील एक ओळ होती. दुसरी गोष्ट म्हणजे विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (सुरक्षा सुधारणा व मदत) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, आणि त्या निमित्ताने विक्रेत्याने जवळजवळ सर्व संगणक बदलण्याचा भलामोठा प्रस्ताव पाठवला होता. प्रस्ताव वाचून आमचे व्यवस्थापकीय संचालक मला म्हणाले, “मॅडम, आपल्याकडे आज काय काय आहे, ते आधी मला एका कागदावर दाखवा. मग नव्या खरेदीवर सही करतो.” तो एक कागद तयार करायला जवळजवळ वर्ष लागले. या काळात मी आणि आयटी विभागातील माझे सहकारी जे शिकलो, ते मध्यम आकाराच्या इतर कारखान्यांनाही उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहे.

सुरुवात आम्ही संगणकांपासून केली नाही, बिलांपासून केली. मागील तीन वर्षांची सर्व खाती उघडून त्यांतून सॉफ्टवेअर, क्लाउड, डोमेन, वार्षिक देखभाल करार आणि हार्डवेअर यांचे प्रत्येक बिल बाजूला काढले. प्रत्येकासमोर पुरवठादार, उत्पादनाचे नेमके नाव, संख्या, मुदत आणि मंजुरी देणारा विभाग असे रकाने भरले. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु ते लेखा विभागानेच करावे असे माझे ठाम मत आहे, कारण पैसा नेमका कोठून बाहेर पडतो हे आयटी विभागाला दिसत नाही. एकाच कामासाठी दोन विभागांनी दोन वेगळ्या सेवा घेतल्या आहेत, आणि एका माजी कर्मचाऱ्याच्या नावावरील फाइल साठवण्याची सेवा अजून चालू आहे, हे आम्हाला बिलांवरूनच कळले.

वैयक्तिक कार्डावरील खरेदीत आणखी एक नुकसान दडलेले होते, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. परदेशी कंपनीकडून ऑनलाइन सेवा घेताना आपला जीएसटी क्रमांक दिला नाही, तर ती कंपनी आपल्याला सामान्य ग्राहक समजून बिलात १८ टक्के कर लावते, आणि त्या कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे आपल्या देय करातील वजावट, आपल्याला मिळत नाही. तीच सेवा कंपनीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घेतली, तर कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे विक्रेत्याऐवजी, आपण स्वतः भरतो आणि नियमानुसार त्याचे क्रेडिट घेतो. सेवा तीच, किंमत तीच. केवळ बिल कोणाच्या नावाने निघाले यावर खर्चाचा सहावा-सातवा हिस्सा अवलंबून असतो. त्यामुळे कार्डावरील खरेदी पूर्ण बंद करण्याचा निर्णय पहिल्याच टप्प्यात झाला, आणि त्यासाठी कोणत्याही तांत्रिक साधनाची गरज पडली नाही.

पुढचा टप्पा प्रत्यक्ष मोजणीचा होता. कार्यालयातील संगणकांसाठी आम्ही जीएलपीआय हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर निवडले. त्याचा एजंट, म्हणजे माहिती पाठवणारा छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक संगणकावर बसवला की प्रोसेसर, मेमरी, अनुक्रमांक आणि बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी आपोआप एका ठिकाणी गोळा होते. लहान कार्यालयात हेच काम विंडोजमधील पॉवरशेल या साधनाच्या आज्ञांनीही करता येते; मात्र त्यात एक खबरदारी हवी. विंडोजमधील ‘विन३२ प्रॉडक्ट’ या वर्गाकडून यादी मागवली तर विंडोज बसवलेल्या प्रत्येक पॅकेजची तपासणी सुरू करते आणि काही वेळा त्याची दुरुस्तीही आरंभते. उत्पादनाला जोडलेल्या संगणकावर हे परवडणारे नाही. त्याऐवजी रजिस्ट्रीमधील (विंडोजच्या अंतर्गत नोंदींच्या साठ्यातील) ‘अनइन्स्टॉल’ नोंदी वाचाव्यात, आणि त्या वाचताना ३२ बिट प्रोग्रॅमसाठीचा वेगळा विभागही पाहावा, अन्यथा जुनी सॉफ्टवेअर यादीतून सुटतात.

कारखान्याच्या मजल्यावरील संगणकांसाठी हा उपाय पुरेसा नव्हता. त्यांतील अनेक नेटवर्कला जोडलेले नव्हते, आणि काही तर यंत्राच्या पॅनेलच्या आत बंद होते. म्हणून आम्ही प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे उत्पादन विभागात, फिरून हाताने नोंद केली. कागदी बारकोडचे स्टिकर कूलंट आणि तेलाच्या थरामुळे तेथे टिकत नाहीत, हे अनुभवी लोकांना ठाऊकच असते. टूल रूमने आम्हाला क्रमांक कोरलेल्या ॲल्युमिनियमच्या छोट्या पट्ट्या करून दिल्या आणि त्या आजही जागच्या जागी आहेत. सीएमएम या मापन यंत्राच्या संगणकापाशी गेलो तेव्हा गुणवत्ता विभागाचे ज्येष्ठ सहकारी पुढे येऊन म्हणाले, “मॅडम, याला हात लावू नका. हा बंद पडला तर पुढच्या आठवड्याचं पीपॅप अडकेल.” पीपॅप म्हणजे ग्राहकाकडून भागाला मंजुरी मिळवण्यासाठी सादर करायची कागदपत्रे आणि मोजमापे. त्यांची काळजी रास्त होती. तो संगणक विंडोज ७ वर चालत होता, ज्याचा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपला आहे. त्यावरील मापनाचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलशिवाय (संगणकात खोचायच्या, परवाना साठवलेल्या छोट्या किल्लीशिवाय) उघडत नव्हते, आणि नवी आवृत्ती घ्यायची तर यंत्राचा नियंत्रकही बदलावा लागला असता. असे संगणक खर्चकपातीच्या यादीत घालायचे नसतात. आम्ही त्याला कार्यालयीन नेटवर्कपासून पूर्ण वेगळे केले, त्याच्या हार्ड डिस्कची संपूर्ण प्रत काढून ठेवली आणि तो डोंगल विम्याच्या यादीत स्वतंत्र नोंदला. बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्या डोंगल हरवल्यास परवानाच हरवला असे मानतात. बोटाच्या पेराएवढ्या त्या वस्तूची किंमत काही लाखांत असू शकते, आणि तरीही ती टेबलाच्या खणात पडलेली असते.

मोजणी संपल्यावर आमच्यासमोर तीन याद्या होत्या. काय बसवलेले आहे, काय वापरण्याचा हक्क आपण विकत घेतला आहे, आणि प्रत्यक्षात काय वापरले जाते. या तीन याद्या एकमेकींशी कधीच जुळत नाहीत, आणि त्यांच्यातील प्रत्येक फरकाचा अर्थ वेगळा असतो. बसवलेले जास्त आणि हक्क कमी असेल तर ते कायद्याचे संकट. हक्क जास्त आणि वापर कमी असेल तर तो वाया जाणारा पैसा. बहुतेक ठिकाणी खर्चकपातीची सुरुवात दुसऱ्या फरकापासून केली जाते. मला ते मान्य नाही, आणि सुदैवाने संचालकांनाही ते मान्य नव्हते.

हक्काची यादी करणे सर्वांत कठीण गेले, कारण परवान्याचा पुरावा म्हणून लोक जी वस्तू दाखवतात ती बहुधा पुरावा नसते. संगणकावरील होलोग्रामचे स्टिकर किंवा ईमेलमध्ये आलेला २५ अक्षरांचा संकेतांक (प्रॉडक्ट की) एवढ्यावर हक्क सिद्ध होत नाही. त्यामागे अधिकृत खरेदीचे बिल असावे लागते. ओईएम स्वरूपाचा, म्हणजे संगणक उत्पादकाने संगणकासोबतच दिलेला, विंडोज परवाना ज्या संगणकासोबत आला त्याच्याशीच बांधलेला असतो. तो संगणक भंगारात गेला की परवानाही संपला, तो दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. किरकोळ विक्रीतील पूर्ण परवाना मात्र जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर बसवता येतो. सर्व्हरच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर (त्यातील स्वतंत्र गणन-घटकांवर) मोजला जातो आणि एका सर्व्हरसाठी किमान १६ कोअरचे परवाने घ्यावे लागतात. त्याशिवाय त्या सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा उपकरणासाठी ‘कॅल’ नावाचा वेगळा परवाना लागतो. शॉप फ्लोअरवर तीन पाळ्यांतील माणसे एकाच संगणकावर काम करतात, तेव्हा उपकरणागणिक कॅल घेणे स्वस्त पडते. कार्यालयात एक माणूस डेस्कटॉप, लॅपटॉप आणि मोबाइल वापरतो, तेव्हा माणसागणिक घेणे. आमच्याकडे सरसकट माणसागणिक हिशेब धरला जात होता. पाळ्यांचा विचार केल्यावर पुढील खरेदीची गरज बरीच कमी झाली.

जेथे हक्क कमी पडत होता ती ठिकाणे मोठी नव्हती, पण होती. व्यक्तिगत वापरासाठी मोफत असलेले दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअर व्यावसायिक कामासाठी वापरले जात होते. फाइल संकुचित करण्याचा एक प्रोग्रॅम ४० दिवसांची चाचणी मुदत उलटून वर्षे झाली तरी अनेक संगणकांवर होता, आणि एका बाह्य तंत्रज्ञाने कोणे एके काळी बसवलेले पीडीएफ संपादनाचे अनधिकृत सॉफ्टवेअरही सापडले. भारतात संगणक प्रोग्रॅमला कॉपीराइट अधिनियम, १९५७ चे संरक्षण आहे, आणि त्याच्या कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत जाणीवपूर्वक वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आता ही बाब आमच्या जाणिवेत आली होती, म्हणून प्रश्न बचतीचा उरलाच नव्हता. संकुचनासाठी सेव्हन-झिप हा व्यावसायिक वापरासही मोफत असलेला प्रोग्रॅम सर्वत्र बसवला, पीडीएफसाठी गरजेपुरते परवाने घेतले, आणि दूरनियंत्रणासाठी आयटी विभागापुरता एक सशुल्क परवाना घेतला. या टप्प्यात खर्च वाढला. कोणी मला विचारले तर मी आवर्जून सांगते, की हा वाढलेला खर्च पहिल्या अहवालात ठळकपणे दाखवावा, नाहीतर पुढील बचतीच्या आकड्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

जावाची, म्हणजे काही प्रोग्रॅम चालण्यासाठी लागणाऱ्या ओरॅकल कंपनीच्या सॉफ्टवेअरची, गोष्ट याच टप्प्यातील, आणि ती मी थोडी सविस्तर सांगते, कारण बहुतेक कारखान्यांत ती कोणाच्या ध्यानात नसते. आमच्या डिस्पॅच विभागात खोक्यांवर बारकोडचे लेबल छापणारा एक छोटा प्रोग्रॅम जावावर चालतो. पूर्वी जावा मोफत असे, म्हणून ते कोणत्याही खरेदीच्या यादीत नव्हते. ओरॅकलने जावा ८ च्या व्यावसायिक वापरासाठीची मोफत अद्यतने २०१९ मध्ये थांबवली, आणि जानेवारी २०२३ पासून तिच्या जावा वर्गणीचा दर कंपनीतील एकूण कर्मचारीसंख्येवर आकारला जातो. जावा प्रत्यक्ष किती जण वापरतात यावर तो ठरत नाही. शेकडो कामगार असलेल्या कारखान्याला दोन संगणकांवरील लेबल छपाईसाठी ही मोजणी लागू होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. आम्ही प्रोग्रॅमच्या पुरवठादाराशी बोललो, जावाच्या ओपनजेडीके या मुक्त स्रोत रूपावर आधारित टेमुरिन ही मुक्त आवृत्ती चाचणी संगणकावर बसवली, सर्व ग्राहकांची लेबले छापून स्कॅन करून पाहिली, आणि मगच मूळ आवृत्ती काढून टाकली. मोजणीच्या यादीत ‘मोफत’ असा शेरा मारून पुढे जाऊ नये. कोणत्या आवृत्तीपर्यंत आणि कोणत्या वापरासाठी मोफत, हे लिहूनच पुढे जावे.

यानंतर वापराकडे वळलो, आणि तेथे खरी बचत झाली. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे सगळ्यांना सरसकट ‘बिझनेस स्टँडर्ड’ परवाने होते, कारण नव्या माणसाला तोच परवाना देण्याची पद्धत पडून गेली होती. प्रत्यक्षात पाळी पर्यवेक्षक मोबाइलवर ईमेल आणि टीम्स पाहतात, क्वचित ब्राउझरमध्ये एखादा तक्ता उघडतात. त्यांना ‘बिझनेस बेसिक’ पुरतो, आणि एकाच कंपनीत दोन्ही प्रकार एकत्र चालतात. नोकरी सोडून गेलेल्यांच्या मेलबॉक्ससाठीही परवाने भरले जात होते, कारण ग्राहकांची जुनी पत्रे त्यांत होती. असा मेलबॉक्स ‘शेअर्ड’ प्रकारात बदलला की ५० जीबीपर्यंत त्याला परवाना लागत नाही. हे सर्व लक्षात येऊनही आम्हाला काही महिने थांबावे लागले, कारण वार्षिक करारात पहिल्या सात दिवसांनंतर परवान्यांची संख्या कमी करता येत नाही. ती फक्त नूतनीकरणाच्या वेळी करता येते. त्या दिवसासाठी कोणाचा परवाना खालच्या प्रकारात जाणार आणि कोणाचा बंद होणार, याची विभागप्रमुखांनी सही केलेली यादी आम्ही आधीच तयार ठेवली. नूतनीकरणाच्या आठवड्यात असा विचार करायला बसले तर विक्रेता मागील वर्षाचीच संख्या पुढे रेटतो, आणि आणखी एक वर्ष हातून जाते.

शिकाऊ उमेदवारांसाठी आम्ही वेगळा हिशेब केला. मासिक बांधिलकीचा परवाना वार्षिकपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी महाग असतो, म्हणून तो टाळण्याकडे सर्वांचा कल असे. परंतु दरमहा १.२ पट दर दिला तरी दहा महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या माणसासाठी मासिक परवानाच स्वस्त पडतो. हंगामी गरज मासिकवर आणि कायम गरज वार्षिकवर अशी विभागणी केल्याने वर्षभर रिकामे पडणारे परवाने संपले.

कॅड, म्हणजे संगणकावर रेखाचित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरने, मात्र आमची सर्वाधिक परीक्षा घेतली. ते बनवणाऱ्या ऑटोडेस्कने कायमस्वरूपी परवान्यांची नवी विक्री २०१६ मध्ये थांबवली, आणि २०२० पासून नेटवर्कवर फिरणाऱ्या सामायिक परवान्यांच्या जागी नावावरचे परवाने आणले. पूर्वी पाच परवाने दहा माणसे आळीपाळीने वापरू शकत. आता प्रत्येक परवान्याला एक नाव लागते, आणि एकाच लॉगिनने दोघांनी काम करणे करारात बसत नाही. आमच्या यादीत डिझाइन विभागाखेरीज टूल रूम, खरेदी, गुणवत्ता आणि उत्पादन नियोजन या विभागांतीलही नावे होती. मी प्रत्येकाजवळ बसून ते त्यावर नेमके काय करतात ते पाहिले. टूल रूमचे फोरमन म्हणाले, “मॅडम, मला फक्त माप बघायचंय आणि प्रिंट काढायचीय.” त्यासाठी ‘डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू’ हा ऑटोडेस्कचाच मोफत दर्शक पुरतो, त्यात रेखाचित्र उघडते, मोजता येते, छापता येते. खरेदी विभागालाही तेच पुरले. फोरमन पहिले काही दिवस नाराज होते, कारण बटणांची जागा बदलली होती. आयटीच्या सहकाऱ्याने त्यांच्या शेजारी बसून छपाईची मांडणी त्यांना हवी तशी लावून दिली, तेव्हा कुरकुर थांबली. बचतीचा कोणताही बदल माणसाच्या शेजारी बसून केला नाही तर तो टिकत नाही, असे मला मनापासून वाटते.

गुणवत्ता विभागातील एका अभियंत्याचे उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. वापराच्या अहवालात त्याचे नाव तळाशी होते. आठवड्यांमागून आठवडे त्याने कॅड उघडलेलेच नव्हते. केवळ अहवाल पाहून त्याचा परवाना काढून घेणे सोपे होते. त्याच्याशी बोलल्यावर कळले, की नवीन भागाचे पीपॅप असते त्या आठवड्यात तो रोज अनेक तास रेखाचित्रावर बलूनिंग करतो, म्हणजे प्रत्येक मापाला क्रमांकाचे वर्तुळ लावतो, आणि तपासणी अहवाल त्या क्रमांकांवरच उभा राहतो. मोफत दर्शकात ते काम होत नाही. त्याच्यासाठी आम्ही ‘फ्लेक्स’ टोकन घेतले, ज्यात सॉफ्टवेअर ज्या दिवशी उघडले त्या दिवसापुरते टोकन खर्ची पडतात. वर्षातून मोजके दिवस काम करणाऱ्यांसाठी हा मार्ग उत्तम आहे. फक्त टोकन वर्षभरात संपवावे लागतात, म्हणून ते घाऊक प्रमाणात घेण्याच्या मोहात पडू नये. शेवटी पूर्ण परवाने डिझाइन विभागापुरते उरले, आणि एकट्या या बदलाची बचत इतर सर्व बदलांच्या एकत्रित बचतीच्या आसपास गेली.

टॅलीच्या बाबतीत निर्णय लवकर झाला. ईआरपी (सर्व विभागांचे व्यवहार एकत्र ठेवणारी प्रणाली) सुरू झाल्यापासून दोन जुने परवाने केवळ मागील वर्षांचे हिशेब पाहण्यासाठी ठेवलेले होते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, म्हणून ते परवाने काढून टाकणे योग्य नव्हते. परंतु त्यांचे टीएसएस या वार्षिक वर्गणीचे (जिच्यातून नव्या आवृत्त्या मिळतात) नूतनीकरण थांबवले तरी कायमस्वरूपी परवान्यावर आहे ती आवृत्ती चालत राहते. चालू हिशेबासाठी १ एप्रिल २०२३ पासून ‘ऑडिट ट्रेल’ (प्रत्येक नोंदीतील बदलाचा माग) असलेले सॉफ्टवेअर बंधनकारक आहे, त्याची पूर्तता ईआरपीमध्ये होतच होती.

विंडोज १० च्या मुदतीकडे येईपर्यंत आमची यादी पूर्ण झाली होती, आणि विक्रेत्याच्या प्रस्तावाला उत्तर देणे सोपे झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ज्या संगणकांना विक्रेत्याने ‘अपात्र’ ठरवले होते, त्यांतील अनेकांत टीपीएम होते, पण बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ मांडणीत) बंद होते. ते चालू केल्यावर अद्ययावत करणे विनामूल्य झाले. काहींना फक्त मेमरी वाढवून आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून नवे बळ मिळाले. खरोखर जुने होते तेवढेच बदलले. यंत्रांना जोडलेल्या मोजक्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टची सशुल्क वाढीव सुरक्षा सेवा विचारात घेतली होती, परंतु तिचा दर व्यावसायिक संस्थांसाठी पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट असा आहे. त्यापेक्षा त्यांचे नेटवर्क वेगळे करणे आम्हाला योग्य वाटले.

नव्या संगणकांची खरेदी आम्ही सप्टेंबरमध्ये केली. आयकरात संगणक आणि संगणक सॉफ्टवेअर यांवर ४० टक्के घसारा मिळतो. मात्र मालमत्ता त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली तर त्याच्या निम्माच. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांपूर्वी संगणक वापरात आला, तर त्याच वर्षी पूर्ण घसारा. खरेदी करायचीच असेल तर तारीख पाहावी. केवळ घसाऱ्यासाठी खरेदी करू नये, हे मी आमच्या प्रत्येक अंदाजपत्रक बैठकीत सांगत असते. घसाऱ्याने कर वाचतो, पण खर्च झालेला पैसा परत येत नाही.

बदललेल्या संगणकांचे काय करायचे, यावर कारखान्यात एक सोपे उत्तर तयार होते: भंगारवाला. मी त्याला विरोध केला. त्या डिस्कवर ग्राहकांची रेखाचित्रे, दरपत्रके आणि कामगारांच्या बँक खात्यांचे तपशील होते, आणि फॉरमॅट केलेल्या डिस्कवरून ते अनेकदा साध्या साधनांनी परत मिळवता येतात. हार्ड डिस्कवर संपूर्ण पुनर्लेखन केले, एसएसडींसाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरली, आणि नादुरुस्त डिस्क आमच्याच प्रेस शॉपमध्ये चिरडून टाकल्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत एका आर्थिक वर्षात एक हजार किंवा अधिक विद्युत व इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणाऱ्या संस्थांना ‘घाऊक ग्राहक’ मानून विशेष जबाबदारी दिली आहे. आम्ही त्या मर्यादेच्या बरेच खाली आहोत. तरीही नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच माल दिला, वजनाची पावती आणि विल्हेवाटीचे प्रमाणपत्र घेतले, आणि नोंदवहीत प्रत्येक अनुक्रमांकासमोर ते जोडले. भंगारवाल्याने यापेक्षा थोडे जास्त पैसे दिले असते.

नोंदवही टिकवण्यासाठी सर्वांत प्रभावी ठरला तो मनुष्यबळ विभागाच्या ‘नो ड्यूज’ फॉर्ममधील एक नवा रकाना. पूर्वी त्यावर ओळखपत्र, लॉकरची किल्ली, सुरक्षा बूट आणि कॅन्टीनची बाकी यांसाठी सह्या होत. आता लॅपटॉपचा क्रमांक, ईमेल परवाना, कॅडचे नाव, ईआरपीचे लॉगिन आणि डोंगल यांसाठीही आयटी विभागाची सही लागते, आणि ती झाल्याशिवाय अंतिम हिशेब माझ्या टेबलावर येत नाही. नव्या माणसासाठी उलट दिशेने हाच फॉर्म वापरला जातो: विभागप्रमुख कामाचे स्वरूप लिहितात, आणि त्यावरून परवान्याचा प्रकार ठरतो. आधी परत आलेले परवाने तपासले जातात, मग नव्याची मागणी होते.

सर्व नूतनीकरणांच्या तारखा वर्षभर विखुरलेल्या होत्या. शक्य तेथे वाढीव महिन्यांचे प्रमाणशीर पैसे भरून त्या जुलै आणि जानेवारी अशा दोन महिन्यांत आणल्या आहेत. मार्च मुद्दाम टाळला, कारण वर्षअखेरीच्या गर्दीत कोणीही नीट वाचून सही करत नाही. प्रत्येक तारखेच्या ९० दिवस आधी संबंधित विभागप्रमुखाकडे वापराचा अहवाल जातो, आणि त्यांचे लेखी उत्तर आल्याशिवाय खरेदी आदेश निघत नाही.

ईआरपीचे नूतनीकरण अजून बाकी आहे, आणि ते सर्वांत मोठे आहे. तेथे परवाने एकाच वेळी लॉगिन करणाऱ्यांच्या कमाल संख्येवर मोजले जातात. पाळी बदलताना दोन्ही पाळ्यांचे पर्यवेक्षक काही मिनिटे एकत्र लॉगिन राहतात आणि ती संख्या फुगते, असा आमचा अंदाज आहे. निष्क्रिय लॉगिन ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद करण्याची सोय त्या प्रणालीत आहे, परंतु ती कधी चालू केलेली नव्हती. आयटी विभागाने ती आता स्टोअर विभागापुरती चालू केली आहे. पुढच्या तिमाहीची लॉगिनची तासवार नोंद मी मागवली असून, पुरवठादाराशी दराची चर्चा ती नोंद हातात आल्यावरच सुरू होईल.